वाळत चाललेलं ऑर्किड: आधी कुंडीतून बाहेर काढा, पाण्याचं नंतर बघू

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका ताईंचा आहे. वास्तुशांतीला जांभळ्या फुलांचं ऑर्किड भेट आलं. दोनेक महिने फुलं छान टिकली, मग गळाली. त्यानंतर पानं लोळायला लागली. खालची दोन पिवळी पडून गेली, उरलेल्या चार पानांवर सुरकुत्या आहेत. आधी एक दिवसाआड पाणी घालत होत्या, सुरकुत्या दिसल्यापासून रोज घालतात. कुंडी चिनी मातीची, भेट आली तशीच. शेजारच्यांनी शेणखत घालून लाल मातीत लावायला सांगितलंय, आणि कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ या खताची पुडी आणून ठेवली आहे. ती घालू का, आणि रोप वाचेल का?

ताई, पुडी उघडू नका आणि पाणी आजपासून थांबवा. रोप वाचेल का, हे मुळं बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण ओली कुंडी आणि सुरकुतलेली पानं अशी जोडी दिसली की आत काय झालं असेल याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. मुळं कुजली आहेत. कुंडीत पाणी भरपूर आहे, ते पानापर्यंत पोचवणारं मात्र फारसं काही उरलेलं नाही. अशात पाणी वाढवलं की राहिलेली चार मुळंही जातात. घरातली ऑर्किडं मरतात ती बहुतेक अशीच, काळजीपोटी घातलेल्या पाण्यानं.

सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की रोपाला पाणी कमी पडतंय. का कमी पडतंय, ते सांगत नाही. कुंडी हातात घेतल्यावर हलकी लागली, आतला मीडिया, म्हणजे मुळांभोवती भरलेली झाडाची साल किंवा मॉस (सुकवलेलं शेवाळ), कोरडा खडखडीत असला आणि मुळं पांढरट-करडी दिसली, तर रोप खरोखर तहानलेलं आहे. ते अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून ठेवलं की काही दिवसांत सावरतं. कुंडी जड, मीडिया ओला आणि तरी पान लोळलेलं, तर गोष्ट उलटी आहे. दोन्हीकडे पान सारखंच दिसतं, म्हणून लोक दोन्हीला पाणीच घालतात.

तुमचं रोप वर्णनावरून फॅलेनॉप्सिस आहे. भेटीला येणारी रुंद पानांची, एकाच दांड्यावर फुलपाखरांसारखी फुलं असलेली ऑर्किडं जवळजवळ सगळी हीच. फिलिपाइन्स, इंडोनेशिया या पट्ट्यातल्या जंगलांत ही झाडांच्या खोडांवर वाढतात, मातीत नाही. झाडाचा रस घेत नाहीत, नुसती सालीला धरून असतात. आपल्याकडे हे बघायला लांब जायला नको. साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या अंगाला जुन्या आंब्यांवर, जांभळांवर आपली रानातली ऑर्किडं दिसतात. सीतेची वेणी मे-जूनमध्ये फुलते तेव्हा नजर जातेच, पण तुम्ही फुलाकडे न बघता मुळांकडे बघा. बोटाएवढी जाड मुळं सालीवर उघडी पसरलेली असतात, काही तर हवेतच लोंबत असतात. पावसाची सर आली की ती भिजून हिरवी होतात आणि वारा सुटला की काही तासांत सुकून करडी होतात. भिजणं आणि सुकणं, दोन्ही त्यांना लागतं. मुळाच्या बाहेरून स्पंजासारखा एक मऊ थर असतो. तो पाणी झटकन शोषतो आणि आतल्या बारीक दोरीसारख्या गाभ्याला पुरवतो. तो थर दिवसेंदिवस ओलाच राहिला तर मुळाला हवा मिळत नाही, मूळ गुदमरतं आणि मग बुरशी शिरते. म्हणजे बुरशी नंतर येते, आधी हवा जाते. औषध फवारून मुळं का सुधारत नाहीत, ते यामुळे.

आता शेणखत आणि लाल मातीचं. ज्यांनी सुचवलं त्यांनी चांगल्या भावनेनंच सुचवलं असणार, गुलाब-जास्वंदीला ते लागूही पडतं. या मुळांना मात्र मातीत हवा मिळत नाही. कुजलेल्या मुळांचं रोप मातीत लावलं तर पंधरवड्यात खोडापर्यंत सड जाते.

उद्या सकाळी उजेडात ओट्यावर वर्तमानपत्र पसरा आणि रोप बाहेर काढा. चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला खाली भोक नसतं. आत बहुधा प्लास्टिकची पातळ कुंडी असेल आणि तिच्याखाली बोटभर पाणी साचलेलं असेल. वास घ्या. गटारासारखा वास आला तर समजा की सडणं चालू आहे. प्लास्टिकची कुंडी बाहेरून हलकेच दाबत रोप सैल करा, ओढू नका. अडकलं तर कुंडी कात्रीनं कापा, तिची किंमत फार नाही.

मग सगळं मॉस किंवा साल बोटांनी सोडवून टाका आणि मुळं साध्या पाण्याखाली धुवा. इथे एक गोष्ट बारकाईनं बघा, कारण ती बऱ्याचदा नजरेतून सुटते. नर्सरीत लहानपणी लावलेल्या मॉसची, जाळीत बांधलेली एक पुरचुंडी मुळांच्या मधोमध तशीच राहिलेली असते. बाहेरचं सगळं सुकलं तरी ती आठ-आठ दिवस चिंब असते आणि सड बहुतेक तिथूनच सुरू होते. चिमट्यानं ती हळूहळू काढा. त्यात दोन मुळं तुटली तर तुटू द्या, पण पुरचुंडी ठेवू नका.

आता प्रत्येक मूळ दोन बोटांत धरून दाबा. रंगावर जाऊ नका. मीडियाच्या आत वाढलेली मुळं तपकिरी, डागाळलेली दिसतात आणि तरी पक्की जिवंत असतात. टणक लागलं ते जिवंत. पोकळ, चपटं किंवा लिबलिबीत लागलं ते मेलेलं. मेलेलं मूळ धरून हलकेच ओढलं की बाहेरचा थर मोज्यासारखा निघून हातात येतो आणि मागे नुसता दोरा राहतो. ती सगळी मुळं जिवंत भागापर्यंत कापून टाका. ब्लेड किंवा कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार होऊ द्या. घरात दुसरी ऑर्किडं असतील तर प्रत्येक रोपाआधी हे पुन्हा करा. ऑर्किडचे काही विषाणू रसातून पसरतात, आणि एकदा लागले की त्यावर औषध नाही. कापताना मनात शंका आली तर ते मूळ राहू द्या. अर्धवट मूळसुद्धा रोपाला कुंडीत धरून ठेवतं.

कापल्यावर काय लावायचं, हे मला नेहमी विचारलं जातं. सांगलीत हळदीला तोटा नाही. पान कापावं लागलं तर कापलेल्या कडेला कोरडी हळद लावा, चालते. मुळांना मात्र अंगभर काही चोळू नका. दालचिनीची पूड लावायचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण ती जिवंत मुळालाही सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइडनं मुळं फेसाळलेली बघून लोकांना बरं वाटतं, ते जिवंत पेशीही जाळतं. कापलेली मुळं एक रात्र सावलीत, उघड्यावर, जाळीच्या टोपलीत तशीच ठेवा. जखमा सुकतात. ऑर्किडला एका रात्रीनं काही होत नाही.

बुरशीनाशकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात ते प्रत्येक घरात असतं. तुमच्याकडे नसलं तरी तासगावच्या द्राक्षबागवाल्या पाहुण्यांकडे असेल. कार्बेन्डाझिम हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. पण ओलाव्यात मुळं सडवणाऱ्यांपैकी पिथियम आणि फायटोप्थोरा हे द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या जातकुळीतले आहेत, आणि डाऊनीवर कार्बेन्डाझिम चालत नाही हे कोणताही बागायतदार सांगेल. तेव्हा नेमकं काय लागलंय हे माहीत नसताना एकच पावडर विरघळवून निर्धास्त होऊ नका. बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधं तर ऑर्किडवर नकोतच. तांब्यानं काही ऑर्किडांची, विशेषतः डेंड्रोबियमची, कोवळी वाढ आणि कळ्या करपतात. जीए (जिबरेलिक आम्ल) वगैरे वाढीची संजीवकं उरलेली असतात म्हणून एखादा चमचा टाकून बघणारेही मी पाहिलेत. ज्या रोपाला मुळं नाहीत त्याला वाढायला ढकलणं म्हणजे पानांत साठवलेलं शेवटचं पाणीही खर्च करायला लावणं. सडका भाग स्वच्छ कापला, पुरचुंडी काढली आणि हवा मिळाली तर बहुतेक रोपांना औषधाची गरजच पडत नाही.

कापून झाल्यावर काय उरलंय, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

चार-पाच टणक मुळं बोटभर लांबीची उरली असतील तर काळजीचं कारण नाही. भोकांची, शक्यतो पारदर्शक प्लास्टिकची कुंडी घ्या. ती मुळं मावतील एवढीच असावी, मोठी मुळीच नको. मोठ्या कुंडीत मधला भाग सुकत नाही. मीडियासाठी पाइनच्या सालीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे मिळाले तर उत्तम. ऑनलाइन मिळतात, पुण्याकडच्या नर्सऱ्यांतही मिळतात. नाही तर नारळाच्या सोडणाचे तुकडे, ज्यांना दुकानात कोको चिप्स म्हणतात, ते घ्या आणि त्यात लोणारी कोळशाचे तेवढेच तुकडे मिसळा. शेगडीच्या दगडी कोळशाचे नाही. सोडणाच्या तुकड्यांत क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, मग वापरा. कोकोपीटचा भुसा नको, तो मातीसारखाच घट्ट बसतो. खाली विटेचे तुकडे टाकायची आपल्याकडे रीत आहे. एखादा थर कुंडीला वजन म्हणून ठीक आहे, पण विटा पाणी धरून ठेवतात, मुळांभोवती नकोत. मातीच्या कुंडीबद्दल म्हणाल तर साताऱ्याच्या पावसाळी हवेत ती चांगली, सांगलीच्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकते. शिवाय मुळं तिच्या भिंतीला चिकटतात आणि पुढच्या वेळी सोडवताना तुटतात.

रोप लावताना पानांचा तळ मीडियाच्या वर राहिला पाहिजे. खोड पुरायचं नाही. रोप डगमगत असेल तर बांबूच्या काडीला सुती दोऱ्यानं बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळांची टोकं घासून मरतात, म्हणून घट्ट उभं करणं हे पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लावल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

एखाद-दुसरंच मूळ उरलं असेल किंवा एकही नसेल, तर घाबरू नका, पण कुंडीत लावू नका. झाकणाचा मोठा पारदर्शक डबा घ्या. पाच लिटरची पाण्याची बाटली मधोमध कापूनही काम होतं. तळाशी मॉसचा बोटभर थर द्या. मॉस भिजवून मुठीत असं पिळा की एक थेंबही गळता कामा नये. लोकांचं नेमकं इथेच बिघडतं, मॉस चिंब ठेवतात आणि डब्यात सड पुन्हा सुरू होते. रोप मॉसवर टेकवा, खोडाचा बुडखा मॉसमध्ये खुपसू नका. झाकण लावा. डब्यात दमटपणा साठतो, पानांतून पाणी उडणं कमी होतं आणि रोपाला मुळं काढायला सवड मिळते. दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा द्या, पानांवर थेंब साचलेले दिसले तर टिपून घ्या. बुरशीचे पांढरे धागे दिसले तर मॉस बदला.

डबा ठेवायची जागा मात्र नीट निवडा. मार्च चालू आहे आणि सांगलीत पारा आता चढतच जाणार. बंद डब्यावर सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास पडलं तरी आत भट्टी होते आणि रोप शिजतं. घरातली सगळ्यात गार, पण वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतक्या उजेडाची जागा शोधा. २२ ते २८ अंश असेल तर मुळं लवकर फुटतात. खोली ३५ च्या वर जात असेल तर झाकण थोडं तिरकं ठेवा आणि मॉसवर लक्ष ठेवा. अशा रोपाला नवं मूळ दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. या काळात रोज उचलून बघायचा मोह आवरा.

पानांच्या गाभ्याचंही तपासा. वरून बघा. सगळ्यात नवं पान मधून काळं, पाणचट झालंय का आणि हलकेच ओढलं तर हातात येतंय का? तसं झालं असेल तर सड गाभ्यात आहे आणि तिथून नवं पान येणार नाही. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. तरी खालची पानं आणि मुळं शाबूत असतील तर रोप टाकून देऊ नका, कधीकधी बुडाशी पिल्लू फुटतं. पुढे पाणी घालताना गाभ्यात थेंब राहिला तर कापसानं टिपायचा, ही सवय लावून घ्या. पानावर पाणचट, दुर्गंधी येणारा डाग एका दिवसात पसरताना दिसला तर तो जिवाणूचा. निरोगी भागात बोटभर आत जाऊन पान कापा, आजच. उन्हानं करपलेला डाग कोरडा असतो आणि पसरत नाही, त्याला हात लावायची गरज नाही.

पाण्याबद्दल आपल्या भागात वेगळं बोलावं लागतं. मिरज, तासगाव, जतकडच्या बोअरचं पाणी जड असतं. भांड्यांवर पांढरा थर बसतो तोच थर मुळांवर बसतो. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात पायाखाली ओल असूनही ऊस जळतो, कारण मातीतला क्षार मुळांना पाणी घेऊ देत नाही. ऑर्किडचं मूळ त्याहून कितीतरी नाजूक आहे. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, २०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. आरओचं पिण्याचं पाणी चालतं, आरओमधून फेकलं जाणारं पाणी अजिबात नको. सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. जून ते सप्टेंबरमध्ये गच्चीवरचं पाणी, पहिले एक-दोन पाऊस सोडून, एखाद्या झाकणाच्या पिंपात भरून ठेवलं तर एका घरातल्या पाच-सहा कुंड्यांना बराच काळ पुरतं. डासांसाठी पिंपाला फडकं बांधा. आणि उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट नळाखाली धरू नका, ते हाताला चटका देतं. सकाळी भरून ठेवलेलं वापरा.

कधी घालायचं, याला वार ठरवून देता येत नाही. पारदर्शक कुंडीतून मुळं दिसतात, ती हिरवी आहेत तोवर थांबा. रुपेरी-करडी झाली की पाणी द्या. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचीही सवय होते. पाणी द्यायचं तेव्हा मात्र पोटभर द्यायचं. कुंडी दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवा, मग पूर्ण निथळू द्या. रोज अर्धा कप घातल्यानं वरचं ओलं आणि मधलं कोरडं, किंवा तळ चिंब आणि वर कोरडं, असं काहीतरी होतं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये सालीच्या कुंडीला दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, त्याच कुंडीला जुलैत आठ-दहा दिवस लागणार नाही. महाबळेश्वर, पाचगणीकडे राहणाऱ्यांना पावसाळ्यात पाण्यापेक्षा पंख्याची गरज जास्त. महाबळेश्वरला तर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भिंतीच सुकत नाहीत, तिथे मुळं कशी सुकतील? छताचा पंखा मंद ठेवला तरी पुरतो.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी. पश्चिमेची गॅलरी मार्चपासून जूनपर्यंत विसरा, पडदा लावला तरी. पानाच्या वीतभर वर हात धरा. पानावर हाताची अंधुक, पुसट सावली पडली तर उजेड बरोबर. कडा ठळक दिसल्या तर जास्त, सावलीच नसेल तर कमी. गर्द काळपट हिरवी पानं बघून लोक खूश होतात, पण ती उजेड कमी पडत असल्याची खूण आहे, अशा रोपाला फुलं येत नाहीत. कूलर असलेली खोली उन्हाळ्यात चांगली, फक्त झोत थेट अंगावर नको. एसीची खोली कोरडी पडते. आणि एक अगदी हंगामातलं सांगतो: फुलांवर आलेलं ऑर्किड आंब्याच्या अढीजवळ ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो.

खताची पुडी टाकून देऊ नका, तिचा उपयोग आहे. नवं मूळ किमान दोन बोटं वाढलं आणि नवं पान वाढायला लागलं की लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे छोटी चिमूट, पंधरा दिवसांतून एकदा. पिकावर फवारताना लिटरला चार-पाच ग्रॅम घेतात, ते प्रमाण इथे जाळून टाकेल. आधी साधं पाणी, मग खताचं. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुऊन काढायचे. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी हे आजारी रोपाला नको. चिलटं येतात आणि साल लवकर कुजते.

कीड एकदा तपासून घ्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा आणि आठवड्यानं पुन्हा पुसा, कारण अंडी राहतात. पावसाळ्यात बारक्या गोगलगायी रात्री मुळांची कोवळी टोकं खातात. टॉर्च घेऊन बघितलं की सापडतात.

रोप सावरतंय हे कशावरून कळेल? पानांच्या सुरकुत्यांवरून ठरवू नका. जुनं पान एकदा फार सुकलं की पूर्ववत सपाट होतंच असं नाही, आणि मधल्या काळात आणखी एखादं खालचं पान पिवळं पडेल. रोप त्यातलं पाणी आणि अन्न काढून नव्या मुळाला देतंय, ते पान ओढून काढू नका, आपोआप गळेल. खरी खूण खोडाच्या बाजूला, पानाच्या बुडाशी दिसते. तिथे आधी एक फुगवटा येतो, साल जराशी चिरते आणि चकचकीत हिरवं किंवा लालसर टोक बाहेर येतं. ते टोक चमकतंय तोवर मूळ वाढतंय. हात लावू नका, नखाचा धक्काही त्याला पुरतो. पुढे येणारं नवं पान आधीच्या पानापेक्षा मोठं निघालं की रोप वाचलं असं समजा.

फुलाचा जुना दांडा हिरवा असेल तर तो बुडापासून कापा. तुमच्या मनाला लागेल, कारण त्याच दांड्याच्या वरच्या पेरातून पुन्हा कळ्या येऊ शकतात हे खरं आहे. पण ते सशक्त रोपाचं काम. मुळं नसलेलं रोप फुलायला गेलं तर त्यातच संपतं. नवा दांडा आणि नवं मूळ सुरुवातीला सारखंच दिसतं, मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं चपटं आणि एका बाजूला खाचलेलं. पहिल्या वर्षी दांडा आला तरी काढून टाका असंच मी सांगेन. नंतर मात्र आपला भाग या झाडाला फार अनुकूल आहे. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो, तापमान सतत २८ च्या वर राहिलं तर दांडा येत नाही. ऑक्टोबरनंतर सांगलीच्या, आणि त्याहून जास्त साताऱ्याच्या, रात्री आपोआप तेवढ्या गार होतात. रोप खिडकीपाशी ठेवलं की वेगळं काही करावं लागत नाही. पारा १५ च्या खाली जाणाऱ्या रात्री फक्त आत घ्या. आजच्या स्थितीवरून फुलाला दीड-दोन वर्षं धरून चाला.

याच प्रश्नाबरोबर बऱ्याच जणांच्या घरी डेंड्रोबियम असतं, उसाच्या कांड्यांसारख्या बारीक खोडांचं. त्यांच्यासाठी एवढंच, की हिवाळ्यात त्याची पानं गळाली म्हणजे ते मेलं असं नाही. उघड्या कांड्या कापू नका, त्यांत साठवलेल्या अन्नावरच नवे कोंब येतात आणि कधीकधी जुन्या कांडीवरही फुलं लागतात. त्याला फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त ऊन आणि कमी हिवाळी पाणी लागतं. बाकी मुळांचं सगळं तेच.

हे रोप गेलं तर कासहून एखादं आणीन, असं कुणी मनात आणत असेल तर कृपा करून आणू नका. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत आलं, तिथून रोप उपटणं गुन्हा आहेच, पण ते जगणारही नाही. पठारावरची पांढऱ्या फुलांची हबेनारिया (हीही ऑर्किडच) जमिनीतल्या कंदावर जगते, पावसाळा संपला की वरचं सगळं सुकून जातं, आणि तिच्या बियांना रुजायलाही तिथल्या मातीतली विशिष्ट बुरशी लागते. तुमच्या कुंडीत ती एक ऋतूही काढणार नाही. आंब्यावरची ऑर्किडंही झाडावरच राहू द्या. नर्सरीतलं चांगल्या मुळांचं रोप फुलांशिवाय घेतलं तर स्वस्त मिळतं. पारदर्शक कुंडीत हिरवी-रुपेरी मुळं भरलेली बघून घ्या, फुलं किती आहेत ते मोजत बसू नका.

शेवटचं, सुट्टीचं. मे महिन्यात आठ दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना रोज पाणी घालायला सांगून जाऊ नका. जायच्या दिवशी सकाळी कुंडी नीट बुडवून निथळून घ्या, खिडकीपासून आत, सावलीच्या बाजूला ठेवा, शेजारी पाण्यानं भरलेली परात ठेवा पण कुंडी परातीत नको. डब्यातल्या रोपाला तर तेवढंही लागणार नाही, फक्त निघण्यापूर्वी झाकण एकदा उघडून मॉस बोटानं चाचपून बघा.